भिवाच्या रिक्षात पास झालेली गाणी

डोंबिवलीत शेअर रिक्षात बसणाऱ्या माणसाला गाणं ऐकायचंय का, असं विचारायची पद्धत नाही. तो आपला बसतो, शेजारच्याची पिशवी गुडघ्यात रुतू देतो आणि मागच्या स्पीकरमधून जे काय वाजत असेल ते निमूट सोसतो. पण एकेकाळी स्टेशन ते घरडा सर्कल या रस्त्यावर भिवाच्या रिक्षात बसलेल्या लोकांनी जे सोसलं, त्याला तोड नव्हती. त्यांच्यावर अख्खी गाणी तपासली जात होती. ते परीक्षक होते आणि बिचाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

रिक्षा भिवाची, गाणी सम्यकची. दोघं शेलार नाक्याजवळ एकाच चाळीत राहायचे. सम्यक तेव्हा नुकताच विशीत आलेला, कॉलेजात नावापुरता, बाकी सगळा वेळ पोटमाळ्यावर. तिथे एक जुना कॉम्प्युटर, त्यात कुणाकडून तरी फुकटात आणलेलं म्युझिकचं सॉफ्टवेअर आणि एक हेडफोन, ज्याची एक बाजू रबरबँडने धरून ठेवलेली. उन्हाळ्यात पत्रा तापला की तो ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचा. त्याच्या म्युझिकला शब्द नव्हते. खाली धम धम चालायचं, वर छिस छिस, मधे कसले कसले सूर चढत जायचे आणि मग सगळं एकदम कोसळायचं. आई, शांताबाई, जिन्याच्या खालच्या पायरीवर भाजी निवडत कौतुकाने ऐकायची. बराच वेळ ऐकून झालं की विचारायची, "छान आहे रे. पण गाणं कधी सुरू होणार?"

मयूर त्याचा वर्गमित्र. भोपर गावातला. त्यांच्या शेतात भाताऐवजी टॉवर उगवले, तेव्हा घरच्यांनी गाड्या घेतल्या आणि मयूरने साउंड सिस्टिम घेतली. गावातल्या हळदी, साखरपुडे, बारशी, सगळीकडे त्याचाच डीजे. सम्यक पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला तो मयूरच्या चुलतबहिणीच्या, भावनाच्या हळदीत. हळद लागलेल्या बायकांनी त्याला आपलं शब्द नसलेलं काहीतरी वाजवताना जेमतेम दोन मिनिटं सहन केलं आणि मग एका आजीने सरळ येऊन सांगितलं, "पोरा, मशीन बिघरलाय जनू तुजा." मयूर पोट धरून हसला. पण मनाचा मोठा. त्याने आपले दोन जुने वूफर सम्यकला देऊन टाकले. ते पोटमाळ्यावर वाजवले असते तर पत्रे उडाले असते, म्हणून भिवाच्या रिक्षात मागच्या सीटच्या पाठी बसवले. तिथून हे सगळं सुरू झालं.

नियम दोन. सम्यकने रिक्षात बसायचं नाही, कारण तो लोकांच्या तोंडाकडे असा आशेने बघत बसायचा की पॅसेंजर अवघडून आधीच्याच नाक्यावर उतरायचे. आणि भिवाने कोणाला काही सांगायचं नाही. सम्यक सकाळी पेनड्राइव्ह द्यायचा आणि संध्याकाळी स्टँडवर निकाल घ्यायला जायचा.

निकाल भिवा ओरडून सांगायचा. त्याचा आवाजच तसा. रिक्षावाले सगळे ओरडून बोलतात, भिवा जरा जास्त, एवढंच लोक म्हणायचे. "नापास! सगळे मोबाइलात तोंड घालून बसलेले!" किंवा, "ती बँकवाली बाई असते बघ, चष्म्याची, ती बोटं वाजवत होती पर्सवर. दोनदा. पास!" किंवा, "एक म्हातारा मान हलवत होता, पण तो झोपेत पण हलवतो. त्याला धरू नको." सम्यक ते डोक्यात घोळवत पोटमाळ्यावर जायचा आणि रात्र घालवायचा. भिवाने कधी सुराबद्दल काही सांगितलं नाही, चाल चांगली का वाईट ते सांगितलं नाही. सम्यकलाही त्याचं काही वाटलं नाही. त्याला ते फार खानदानी वाटायचं, की हा माणूस आपलं मत सांगतच नाही, लोकांचंच सांगतो.

एकदा गंमत झाली. शेलार नाक्याच्या स्पीडब्रेकरवर रिक्षा आपटली आणि वूफरची वायर सुटली. नेमकं सगळं कोसळणार त्याच्या आधी आवाज गप्प. पुढच्या खड्ड्यात वायर परत चिकटली आणि धाडकन सुरू. संध्याकाळी भिवा स्टँडवर नाचायचाच बाकी होता. "अरे सम्या! मधेच गेलं ना, तेव्हा त्या बाईचा पाय हवेतच राहिला रे! आणि परत आलं तर काय आपटला! तिघांचे आपटले!" सम्यकने त्या रात्री ट्रॅकमध्ये तेवढीच जागा कोरी सोडली. अर्ध्या श्वासाएवढी.

तोच ट्रॅक पुढे कुठल्या कुठे गेला. त्याने इंटरनेटवर टाकला, ॲमस्टरडॅमच्या एका कंपनीने उचलला. मग गोवा, पुणे, मग परदेश. हजारो पोरं हात वर करून त्या कोऱ्या जागेत श्वास धरायची आणि मग एकदम जमिनीवर उतरायची. एका इंग्रजी मासिकाने त्या शांततेवर मोठा लेख लिहिला. त्यात बौद्ध ध्यानपरंपरेचा उल्लेख होता, कारण कलाकाराचं नाव सम्यक. सम्यकच्या वडिलांनी, चांगदेवरावांनी, तो लेख कोणाकडून तरी समजावून घेतला आणि बरेच दिवस मुलाकडे नव्या आदराने बघितलं. वायर सुटली होती हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. सम्यक ठाण्याला गेला. माजिवड्याला उंच इमारतीत घर, त्यातल्याच एका खोलीत स्टुडिओ. भिंतींना जाड गाद्या, दाराला रबर, स्पीकर असे की मांजर चाललं तरी ऐकू यावं. मेघनाशी लग्न झालं. ती ठाण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. मुळातच हळू बोलणारी. कल्याणला बुद्धविहारातल्या एका कार्यक्रमात ती निवेदन करत होती, माइक असूनही लोक पुढे सरकून ऐकत होते. सम्यक तिथेच घायाळ झाला. त्याच्या जगात सगळेच बोंबलणारे, त्यात ही एक.

भिवाची परीक्षा मागे पडली. सुरुवातीला सम्यकने पेनड्राइव्ह पाठवून बघितला. मग फोन केले, पण भिवा कधीच फोन उचलायचा नाही. सम्यकने गृहीत धरून टाकलं की म्हातारा रागावला. आणि खरं सांगायचं तर ते धरून टाकणं त्याला सोयीचं पण होतं. नंतर चौदा एप्रिलला "जय भीम काका" एवढा मेसेज. तिकडून अंगठा यायचा. वर्षाचं नातं तेवढ्यात उरकायचं.

आणि दोन वर्षांपूर्वी कान गेला.

एका दिवसात गेला नाही. आधी वाटलं, नवे स्पीकर मंद आहेत. मग वाटलं, मेघना हल्ली फारच पुटपुटते. मग घरात कुठेतरी फ्रिज उघडा राहिला म्हणून बीप बीप होत होतं आणि ते त्याला सोडून सगळ्यांना ऐकू आलं, कामाला येणाऱ्या मावशींनाही.

तो ठाण्यातल्याच एका लांबच्या दवाखान्यात गेला, टोपी घालून. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन दिला, हातात बटण दिलं. बीप ऐकू आला की दाबा. पहिले काही आले. मग येईनात. पण आमचा हा पठ्ठ्या डीजे. आलेल्या बीपांचं अंतर त्याने मनात धरलं होतं, त्या तालावर बटण दाबत राहिला. मान किंचित हलवत, मधेच जरा विचार केल्यासारखा चेहरा करून. दार उघडून डॉक्टरीणबाई आत आल्या तेव्हाही तो दाबतच होता. त्या म्हणाल्या, "मी केव्हाच थांबवलंय."

उजवा कान वरच्या आवाजांना जवळजवळ बंद. डावा बरा, पण त्याच वाटेवर. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. "आयटीत आहे," सम्यक म्हणाला. मशीन लावायला हवं, असं त्या म्हणाल्या. बघू म्हणून तो निघाला, आणि तेव्हापासून बघतोच आहे.

कोणाला सांगितलं नाही. रसिकाला नाही, जी त्याचं सगळं काम सांभाळते. ती माणूस म्हणून चांगली, पण बहिऱ्या डीजेला कोण बोलावणार? मेघनालाही नाही. तिला सांगितलं की ते खरं होणार, अशी त्याची वेडी भीती. त्यापेक्षा तो अंदाजाने माना डोलवायचा. ती स्वयंपाकघरातून काही बोलली की "हो हो", गाडीत काही बोलली की "बघू". एकदा तिने सांगितलं की तिच्या आईचं ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. हा म्हणाला, "अरे वा, मस्त." ती त्याच्याकडे बघतच राहिली. नंतर तिने कारण विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. "तुझं माझ्याकडे लक्षच नसतं हल्ली," असं ती पूर्वी म्हणायची. आताशा तेही म्हणत नव्हती. आणि सम्यकला ते चाललं. शिष्ट, माजलेला नवरा म्हणून तिने आपल्याला मनातून उतरवलं तरी चालेल, पण कानाचं कळायला नको. माणूस किती मूर्ख असू शकतो बघा, आणि तोही प्रेमात असताना.

कामाचं मात्र लपेना. तो आता पडद्यावरचे आलेख बघून गाणी बनवत होता. आलेखात सगळं छान दिसायचं, पण कंपनीकडे गेलं की परत यायचं. रसिकाचा मेसेज यायचा, "वरचं जरा टोचतंय म्हणतायत." दोन ट्रॅक परत आले. आता डिसेंबरच्या एका मोठ्या फेस्टिव्हलचा पहिला ट्रॅक द्यायचा होता, याच आठवड्यात. हाही परत आला असता तर पुढे कोणी विचारणार नव्हतं. सम्यकने तो शंभरदा ऐकला. कसा झालाय ते त्याला खरोखर कळत नव्हतं. चांगला? वाईट? आपल्याच पोराचा चेहरा धुक्यात दिसावा तसं झालं होतं.

बुधवारी दुपारी त्याने गाडी काढली. शिळफाट्याच्या गर्दीत तासभर रखडला, तेव्हा दोनदा परत फिरावंसं वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत त्याने इतक्या देशांत इतक्या लोकांना नाचवलं, पण निकालाची अशी धडधड त्याला भिवाच्या स्टँडवर जातानाच व्हायची. ती परत झाली. त्याला ती धडधड आवडली. पोटमाळा आठवला, तापलेल्या पत्र्याचा वास आठवला, आणि आपण तेव्हा किती सुखी होतो हे आठवून त्याला चक्क रडू आलं.

भिवा स्टँडवरच होता. मिशा पांढऱ्या झालेल्या, पोट सुटलेलं, खाकी शर्ट तोच असावा असा. रिक्षा नवी होती. वूफर आरटीओने केव्हाच काढायला लावलेले, त्यांच्या जागी आता प्रथमोपचाराची पेटी.

सम्यक समोर जाऊन उभा राहिला. भिवाने त्याच्याकडे नीट बघितलं. मग स्टँडवरची कबुतरं उडतील असा आवाज काढला. "आयला! सम्या!"

रागबिग काही दिसेना. पाठीवर थाप मारली ती डोंगर कोसळल्यासारखी. चहा मागवला. आईबाबा कसे, खडवलीला घेतलेल्या घरात रमले का, मेघना काय म्हणते, हे सगळं विचारलं. उत्तरं ऐकताना तो सम्यकच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. म्हातारपणी माणसं मायाळू होतात, असं सम्यकला वाटलं.

"काका, एक गाणं आणलंय," सम्यक म्हणाला. "टेस्टला."

भिवाचे डोळे चमकले. "अजून माझ्याकडे?" त्याने शेजारच्या रिक्षातल्या पोराला हाक मारली. "विक्या! तुझा तो डबा दे इकडे!"

विकीने ब्लूटूथ स्पीकर आणला आणि सम्यकला बघून त्याचा जबडा पडला. "दादा, तुम्ही ते... अरे यार! कसम से, माझी रिंगटोन तुमचीच आहे." भिवाने त्याला हाताने गप्प केलं. परीक्षेच्या आधी गडबड नको.

या वेळी नियम मोडून सम्यक रिक्षात बसला, पुढे, भिवाच्या शेजारी. मागे तिघं आली. कॉलेजची एक मुलगी, मेथीच्या जुड्या घेतलेली एक बाई आणि हेल्मेट मांडीवर घेतलेला एक माणूस, ज्याची बाइक बहुतेक बंद पडलेली. रिक्षा सुटली. सम्यकने फोनवरून ट्रॅक लावला आणि समोर बघत बसला, कारण मागे वळून बघायची हिंमत नव्हती. त्याच्या कानाला सगळं गोड लागत होतं. खाली धम धम, वर अगदी हलकं, कापसासारखं छिस छिस. टिळक रोडला त्याला वाटलं, जमलंय.

तेवढ्यात मेथीवाली बाई म्हणाली, "ओ, बंद करा ना ते. दात शिवशिवतायत माझे."

भिवाने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बाईने त्याच्या खांद्यावर बोट टोचलं तसा त्याने आरशात बघितलं आणि सम्यकला खूण केली. सम्यकने आवाज कमी केला आणि धीर करून मागे वळला. मुलीने दोन्ही कानांत बोटं घातली होती. हेल्मेटवाल्याने तर हेल्मेटच डोक्यात घातलं होतं.

घरडा सर्कलला तिघं उतरली. भिवाने रिक्षा पिंपळाखाली घेतली, बंद केली आणि निकाल दिला. "नापास!" मग जरा थांबून, थोड्या मायेने, म्हणजे थोडं कमी ओरडून, "पोरगी टिळक रोडपासून तोंड वाकडं करून बसलेली. बाईचा जबडा आवळलेला. काय टोचत होतं रे त्यांना?"

"तुम्हाला नाही टोचलं?" सम्यकने विचारलं.

"मला?" भिवा हसला. खिशात हात घालून त्याने एक छोटंसं चॉकलेटी यंत्र काढलं आणि तळहातावर धरलं. कानातलं मशीन. "मला कुठून टोचणार? हे पोरीने घेऊन दिलं गेल्या वर्षी. कालपासून सेल संपलाय त्याचा."

"म्हणजे हल्ली कमी ऐकू येतं तुम्हाला?"

"हल्ली काय हल्ली! रिक्षाच्या आधी मी एमआयडीसीत पॉवर प्रेसवर होतो ना. दहा वर्षं ठाण ठाण. कंपनी बंद पडली तोपर्यंत माझे कान पण बंद पडलेले. कोणाला सांगितलं नाय. लायसन कोण देणार बहिऱ्याला? तुझी काकी, कलावती, तिला एकटीला माहीत. पॅसेंजर काय बोलतो ते आरशात ओठांवरून कळतं. फोनवर ओठ दिसत नाय, म्हणून फोन घेत नाय."

सम्यक त्याच्याकडे बघत राहिला. "मग माझी गाणी?"

"एक पण ऐकलं नाय रे," भिवा सरळ म्हणाला. "खालचं धम धम पाठीला लागायचं सीटमधून. वर तू काय वाजवायचास कोणाला ठाऊक. मी आरशात बघायचो. गुडघा हलला की पास. आता मला सांग, तू एवढ्या आशेने यायचास, तुला काय सांगू, की मला ऐकू येत नाय? पोराचं तोंड पडलं असतं."

सम्यकला हसू फुटलं. ॲमस्टरडॅम, गोवा, तो इंग्रजी लेख, ते ध्यान आणि ती परंपरा, सगळं या माणसाच्या निकालावर उभं होतं, आणि या माणसाने एक सूर ऐकला नव्हता. तो हसत सुटला आणि हसता हसता मधेच हसणं संपलं. त्याने मान खाली घातली आणि पुटपुटला, "काका, मलाही ऐकू येत नाहीये."

"काय?"

"मला ऐकू येत नाही."

"अरे मान वर कर! तोंड दिसू दे! काय बोलतोस?"

दोन वर्षं जे वाक्य त्याने बायकोपासून, आईबापापासून, स्वतःपासून लपवलं, ते आता मान वर करून, तोंड उघडं ठेवून म्हणायचं होतं. सम्यकने मान वर केली. "मला ऐकू येत नाही, काका! माझा कान गेलाय! उजवा गेलाय, डावा जातोय! मला माझंच गाणं ऐकू येत नाही!"

सर्कलवरचे रिक्षावाले वळून बघायला लागले. रसवाल्याने चरक थांबवला. मागून आलेला विकी रिक्षातून उतरता उतरता तसाच अर्धा उभा राहिला. त्याच्या हातात फोन होता. क्षणभर सम्यकला वाटलं, झालं, आता संध्याकाळपर्यंत अख्ख्या जगाला कळणार. विकीने फोन हळूच खिशात टाकला आणि मान दुसरीकडे वळवली.

भिवाने हातातलं मशीन खिशात टाकलं. मग म्हणाला, "म्हणून येत नव्हतास होय इतकी वर्षं? आणि मी कलावतीला सांगायचो, पोरगा मोठा झाला, विसरला आपल्याला."

इथे हो म्हणून सुटता आलं असतं. सम्यकने डोळे पुसले. "नाही काका," तो मोठ्याने, एकेक शब्द नीट दिसेल असा म्हणाला. "कान दोन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आधी मोठा झालो म्हणूनच येत नव्हतो."

भिवाने ते वाचलं आणि त्याच्या टाळक्यात एक टपली मारली. अगदी मनापासून मारली. "काकीला भेटून जा," तो म्हणाला. "मी सेल घेऊन येतो." आणि रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेला.

सम्यक रिक्षात एकटाच बसून राहिला. एकदा एवढ्या मोठ्याने बोलून झाल्यावर आता ते पोटात परत जाईना. त्याने फोन काढला आणि मेघनाला लावला. दुपारची वेळ, तिचा तास नुकताच संपलेला असणार. तिने उचलला, "हं, बोल," असं काहीतरी म्हणाली असावी.

"मेघना, ऐक," तो म्हणाला. आवाज अजून भिवाशी बोलल्यासारखाच चढलेला होता. "तुझ्या आईच्या ऑपरेशनचं तू सांगितलंस ना, तेव्हा मी मस्त म्हणालो. मला ते ऐकूच आलं नव्हतं. तू काय बोललीस ते मला माहीतच नव्हतं. माझे कान गेलेत. दोन वर्षं झाली. डॉक्टरने सांगितलंय. मी तुला सांगितलं नाही. माझं लक्ष असतं गं तुझ्याकडे. सगळं लक्ष तुझ्याकडेच असतं, पण तू काय म्हणतेस ते कळत नाही."

तिकडून काही आलं नाही. सम्यक थांबला. ती गप्प आहे, की फोन कट झालाय, की ती तिच्या त्या हळू आवाजात काही बोलतेय आणि ते आपल्यापर्यंत पोचत नाहीये, हे त्याला कळेना. आजवर अशा वेळी तो "हो हो" म्हणून मोकळा व्हायचा.

"मेघना, मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "परत बोल. मोठ्याने."

त्याने फोन उजव्या कानावरून काढला आणि डाव्याला घट्ट लावला, दुसरा हात वरून धरला. रस्त्यावरून एक टँकर गेला. तो जाईपर्यंत त्याने श्वास धरून वाट बघितली. मग हळूहळू ऐकू आलं. ती रडत होती, आणि रडता रडता, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, सगळ्या बायकांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा ओरडत होती. "कुठे आहेस तू? मी येते तिथे! ऐकू येतंय का? मी येते!"